कथा-कवितेला जीवशास्त्राचे प्रश्न : ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

एम.ए. मराठीचा लघुप्रबंध असो की वाचनगटातलं टिपण, विषय ठरवायची वेळ आली की हल्ली कोणीतरी हमखास सुचवतं, "उत्क्रांतीच्या अंगाने बघ ना," किंवा "परिसंस्था म्हणून वाच." सुचवणारा चहा पिऊन निघून जातो आणि लिहिणारा कादंबरीत अन्नसाखळी शोधत बसतो. मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मग मराठीकडे वळले. ऐरोलीत राहते, ठाण्यातल्या वाचनगटात बसते, आणि अशी टिपणं वाचून अभिप्राय द्यायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतं. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचा गोंधळ साधारण त्याच त्या ठिकाणी होतो, म्हणून हे लिहिते आहे.

एक अट आधीच सांगते, पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. जीवशास्त्राकडून प्रश्न घ्यायचा, आणि तो असा हवा की पुस्तक वाचून त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. 'ही कादंबरी म्हणजे एक परिसंस्थाच आहे' या वाक्याला कुठलंच पुस्तक नाही म्हणू शकत नाही, म्हणून ते वाक्य निरुपयोगी. 'या कादंबरीतून अमुक पात्र काढलं तर बाकीच्यांचं काय होतं?' याला मात्र पुस्तक उत्तर देतं, आणि कधीकधी ते आपल्या मनाविरुद्ध असतं.

काय काय लागेल

- ज्या पुस्तकावर लिहायचं त्याची स्वतःची प्रत. समासात पेन्सिल चालवायची असल्याने ग्रंथालयाची प्रत चालत नाही.
- बालभारतीचं दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २', ज्यात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे ते. हसू नका. निम्म्या चुका तो धडा नीट वाचल्याने टळतात.
- मराठी विश्वकोश. महाजालावर फुकट वाचता येतो. संज्ञेची मराठी नोंद तिथे पाहून घ्या.
- ग्रंथालयाचं सभासदत्व. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. जुन्या आवृत्त्या आणि मासिकं पाहायची तर तिथे जायला पर्याय नाही. सभासद होताना ग्रंथालयं सहसा ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत मागतात. भाड्याच्या घरात राहत असाल तर भाडेकरार बरोबर ठेवा, दुसरी फेरी वाचेल.
- दोनशे पानी वही. का, ते पाचव्या पायरीत येईल.
- जमलं तर दुर्बीण, उसनी चालेल.

१. आधी पुस्तक, मग जीवशास्त्र

संकल्पना डोक्यात घेऊन पुस्तक उघडलं की ती प्रत्येक पानावर दिसायला लागते. म्हणून पहिलं वाचन कोरं करायचं. दुसऱ्या वाचनात फक्त खटकलेल्या जागा टिपायच्या: हा माणूस इथून निघून का जात नाही? या दोन बहिणी एकाच घरात राहून कधी भांडत कशा नाहीत? लेखक या प्रसंगात प्राण्यांबद्दल इतकं का बोलतोय? यातल्या एखाद्या प्रश्नाला जीवशास्त्र मदत करू शकेल असं वाटलं तरच पुढे जा. खटकलेलं काहीच नसेल तर दुसरं पुस्तक घ्या, किंवा दुसरी पद्धत. सगळ्या पुस्तकांना हे लागू पडलं पाहिजे असं काही नाही.

२. संकल्पना एकच निवडा

पहिल्या टिपणात उत्क्रांती, परिसंस्था, सहजीवन आणि डीएनए असं सगळं एकत्र शिजवू नका. साधारण जोड्या अशा लागतात. पात्रं एकाच जागेत राहून एकमेकांच्या आड कशी येत नाहीत, हा प्रश्न असेल तर 'निश', म्हणजे त्या जीवाची परिसंस्थेतली जागा आणि तिथलं त्याचं काम. कोणावर सगळं टेकलं आहे हे शोधायचं तर कळीची प्रजाती. गाव, वाडी, चाळ का मोडली याला ऊर्जेचा प्रवाह. एका ओवीची किंवा लोककथेची अनेक रूपं हातात असतील तर वंशवृक्ष. कथेचे अवयव आणि त्यांची रचना पाहायची तर आकारविज्ञान. रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन परीकथांमधली ३१ कार्यं, म्हणजे पात्रांच्या कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती, वेगळी काढली तेव्हा त्यांनी हा शब्द वनस्पतिशास्त्राकडूनच घेतला होता.

सहजीवनाबद्दल थोडा इशारा. रोजच्या मराठीत तो गोड शब्द आहे, लग्नपत्रिकेतसुद्धा चालतो. जीवशास्त्रात दोन वेगळ्या जातींचं दीर्घकाळ चिकटून राहणं म्हणजे सहजीवन, आणि त्यात परजीवीपणाही येतो. सासू-सुनेच्या कथेवर हा शब्द लावायचा तर कोणाचा फायदा, कोणाचा तोटा आणि कोणाला काहीच फरक पडत नाही, हे प्रसंगागणिक दाखवावं लागेल.

३. निवडलेली संकल्पना विज्ञानात नेमकी काय म्हणते ते शिका

सगळ्यात जास्त पडझड इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

नैसर्गिक निवडीचं उदाहरण घ्या. आपल्याकडे तिचं भाषांतर मनातल्या मनात 'बळी तो कान पिळी' असं होतं आणि मग सावकार, पाटील, गावगुंड हे सगळे 'उत्क्रांतीत यशस्वी' ठरतात. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. 'जो सर्वांत योग्य तो तगतो' अशा अर्थाची घोषणा इंग्रज विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये केली आणि डार्विनने ती नंतर उचलली. पण तिथे योग्य म्हणजे बलवान नव्हे. त्या विशिष्ट परिस्थितीत ज्याची संतती पुढच्या पिढीत जास्त उरते तो योग्य. तोही तिथलाच, तेवढ्यापुरताच. परिस्थिती बदलली की हिशेब बदलला.

निवड घडायला तीन गोष्टी लागतात: समूहात फरक असायला हवेत, ते फरक पुढच्या पिढीत उतरायला हवेत, आणि त्या फरकांमुळे कोणाची संतती जास्त, कोणाची कमी व्हायला हवी. यातली एक जरी नसली तरी निवड नाही. कथेतला सावकार धाकट्या भावाची जमीन लुबाडतो यात यातलं काय आहे? काहीही नाही. ती लूट आहे, तिला लूटच म्हणा.

दुसरा घोटाळा याहून साळसूद दिसतो. 'ग्रामीण कथा जन्मली, बहरली, थकली.' ही झाली एका जीवाची आयुष्यरेषा. उत्क्रांती एकट्या जीवाची होत नाही, समूहाची होते. फ्रान्समध्ये समीक्षक फेर्दिनां ब्रुनतिएर यांनी १८९० मध्ये साहित्यप्रकारांची उत्क्रांती मांडली तेव्हा ते प्रकारांकडे जन्मणाऱ्या-मरणाऱ्या जिवासारखे पाहत होते, आणि त्यांच्यावर टीका झाली ती मुख्यतः याच मुद्द्यावर.

मग मराठी कथेला निवडीचा प्रश्न विचारायचाच झाला तर कसा विचारावा? असा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला आणि पुढे दिवाळी अंक हे कथेचं मोठं वसतिस्थान झालं. वसतिस्थान म्हटलं की अटी आल्या: पानांची मर्यादा, वर्षातून एकदाच येणारा हंगाम, घरातल्या सगळ्यांच्या हाती जाणारा अंक, संपादकाची निवड. आता एखाद्या संपादकाच्या दहा-बारा वर्षांच्या अंकांमधल्या कथा घ्या. त्यांच्यात फरक कोणते? नंतरच्या लेखकांनी त्यातलं काय उचललं? कोणत्या प्रकारच्या कथा पुढच्या वर्षीही मागवल्या गेल्या? हे मोजता येतं, आणि उत्तर 'काहीच कल दिसत नाही' असंही येऊ शकतं. ग्रंथालयाचं सभासदत्व लागतं ते यासाठी.

४. संकल्पना डोळ्यांनी बघून या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण साहित्याच्या अभ्यासाला खाडीवर कशाला जायचं असं वाटतं. जायचं. पुस्तकातली व्याख्या आणि चिखलातली वस्तुस्थिती यांत किती गुंतागुंत असते ते कळलं की संकल्पना सैल वापरायचा हात आपोआप आखडतो. ठाणे-नवी मुंबईकरांना तर यासाठी लोकल बदलायचीही गरज नाही. ट्रान्स-हार्बरवर ऐरोलीला उतरून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठता येतं. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली.

कधी जायचं? थंडी ते उन्हाळा हा रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा हंगाम. त्याहून महत्त्वाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. ओहोटीला पक्षी उघड्या पडलेल्या चिखलावर दूरवर पसरतात. मोठ्या भरतीला चिखल बुडाला की त्यांतले बरेच नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. बोटीच्या फेऱ्याही पाण्यावर अवलंबून असतात, त्यामुळे रविवार मोकळा आहे म्हणून निघू नका, आधी वेळ विचारा.

काय बघायचं? दोन जातींचे रोहित एकाच चिखलात. मोठा रोहित उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक. लहान रोहित ठेंगणा, जास्त गुलाबी, चोच गडद. लांबून वाटतं दोघं एकाच ताटात जेवताहेत. प्रत्यक्षात लहान रोहिताच्या चोचीतली गाळणी फार बारीक असते, तो मुख्यतः नील-हरित शैवालं आणि तसले सूक्ष्म जीव गाळून घेतो. मोठ्याची गाळणी जाड. तो चिखल ढवळून कोळंबीच्या कुळातले बारके जीव, अळ्या, गोगलगायी वगैरे टिपतो. जागा एक, वेळ एक, अन्न वेगळं. याला म्हणतात निशची वाटणी.

आता एकत्र कुटुंबाच्या एखाद्या कथेकडे परत या. दोन जावा एका स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं आहेत आणि भांडण नाही. 'समजूतदारपणा' असं लिहून मोकळं होण्याआधी बघा: एकीला हवं आहे ते दुसरीला हवंच आहे का? एकीचं लक्ष किल्ल्यांवर आणि दुसरीचं धाकट्या दिराच्या शिक्षणावर असेल तर त्या एका चिखलातले दोन रोहित आहेत. आणि कथेत भांडण पेटतं ते नेमकं कधी? दोघींना एकच गोष्ट हवी झाली तेव्हा पेटत असेल तर तुमची संकल्पना काम करते आहे. हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या असूनही पेटत असेल तर ती टाकून द्या आणि दुसरं कारण शोधा.

तिवराची पानंही जवळून बघून या. खाऱ्या पाण्यातलं मीठ पानावाटे बाहेर टाकलेलं असतं, ऊन्हात त्याचे बारीक कण दिसतात. 'प्रतिकूलतेशी जुळवून घेणं' हे शब्द समीक्षेत फार स्वस्त झाले आहेत. जुळवून घेणं म्हणजे काहीतरी ठोस यंत्रणा असते आणि तिला ऊर्जा खर्चावी लागते. तुमच्या नायिकेने जुळवून घेतलं असेल तर यंत्रणा कोणती आणि खर्च कोणता, ते लिहा.

५. तीन रकान्यांची वही

पहिल्या रकान्यात पान क्रमांक आणि प्रसंग. दुसऱ्यात तो संकल्पनेत कसा बसतो. तिसऱ्यात जे बसत नाही ते. तिसरा रकाना कोरा राहिला तर तुम्ही प्रामाणिकपणे वाचत नाही आहात, असं खुशाल समजा. माझ्याकडे येणाऱ्या टिपणांत हा रकानाच नसतो, आणि मग परीक्षक किंवा गटातला एखादा खवट काका तो तोंडी भरून देतो.

६. काढून पाहा : कळीची प्रजाती आणि ऊर्जा

रॉबर्ट पेन या अमेरिकी परिसंस्थातज्ज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांवरून तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली. एका पट्ट्यावरून काढले, शेजारच्या पट्ट्यावर राहू दिले. जिथून काढले तिथे शिणाण्यांच्या जातीच्या शिंपल्यांनी खडक व्यापले आणि तिथल्या जातींची संख्या १५ वरून ८ वर आली. हे त्याने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि 'कळीची प्रजाती' ही संज्ञा १९६९ मध्ये दिली. तारामासे संख्येने थोडेच होते. संख्येच्या मानाने परिणाम फार मोठा, ही त्या संज्ञेची अट आहे.

नवखे लोक नायकाला कळीची प्रजाती म्हणतात. नायक पानापानावर असतो, त्याचा परिणाम मोठा असणारच, त्यात नवल काय! थोडी पानं व्यापणारं पात्र शोधा आणि ते मनातल्या मनात काढा.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'वर (१९५५) हे करून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे ही संकल्पना मोहात पाडते आणि मग हात वर करते. धनगरांची वाडी, तिथे आलेला तरुण मास्तर, म्हातारा कारभारी. पहिला अंदाज कारभाऱ्याचाच येतो: वाडीचा कणा तो. वहीत त्याचे प्रसंग लिहीत गेलात तर दुसरा रकाना भराभर भरतो. पण शेवटाकडे या. वाडी मोडते ती कोणी माणूस गेल्यामुळे नव्हे, पाऊस न आल्यामुळे. इथे कळीच्या प्रजातीचा प्रश्न संपतो आणि ऊर्जेचा सुरू होतो.

ऊर्जेच्या अंगाने बघा. पाऊस, गवत, मेंढरं, माणसं. इतकी आखूड आणि उघडी साखळी मराठी कादंबरीत क्वचित दिसते. परिसंस्थातज्ज्ञ रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की एका पायरीवरून दुसरीवर जाताना बरीचशी ऊर्जा गळते. शाळेत आपण ढोबळमानाने 'दहा टक्के पुढे जाते' असं शिकतो. म्हणजे गवतावर मेंढरं आणि मेंढरांवर माणसं जगतात तिथे माणसांच्या पायरीला मुळातच थोडं पोचतं. तळ हलला की वरची पायरी तगायला वेळच मिळत नाही. धनगर निघून जातात यात स्वभावाचा प्रश्न नाही.

आता विचारा, या साखळीत मास्तर कुठे आहे? तो नाहीच. त्याचा पगार वाडीबाहेरून येतो. गवत वाळलं म्हणून त्याचा महिना अडत नाही. वाडी मोडताना बघायला आणि सांगायला तोच उरतो, याचं एक कारण माझ्या मते हे आहे. ही गोष्ट निवेदकाबद्दलची आहे, म्हणजे साहित्याची. पण ती मला ऊर्जेचा तक्ता काढल्याशिवाय दिसली नसती. तक्ता काढून झाल्यावर पुस्तकाबद्दल असं काही नवं हाताला लागलं नाही, तर टिपणात तक्ता घालू नका.

७. लेखकाला जीवशास्त्राची परीक्षा द्यायला लावू नका

बहिणाबाईंचा 'अरे खोप्यामधी खोपा' सगळ्यांना पाठ असतो. मग कोणाला तरी कळतं की खोपा विणतो नर. मादी अर्धवट विणलेला खोपा तपासून पसंत करते, मग नर तो पुरा करतो, आणि पुष्कळदा दुसरा विणायला घेऊन दुसरी मादी बोलावतो. लगेच टिपण तयार: 'बहिणाबाईंची चूक'. असली टिपणं मी पाहिली आहेत, लिहिणारे फार खूश असतात.

पण कविता कशाबद्दल आहे? एवढ्याशा चोचीने पक्षी हे करतो आणि दहा बोटं असलेल्या माणसाला काय झालं, हा तिचा रोख. नर की मादी याने तो हलत नाही. उपयोगी प्रश्न वेगळा: पिलांसाठी घर बांधणारी म्हणजे आई, हे कवितेने गृहीत का धरलं? ज्या घरात हे गाणं जात्यावर आलं, तिथे घर उभं ठेवण्याचं काम कोणाचं होतं? आणि हेही वहीत लिहा की पिलांना भरवण्याचा बराचसा भार सुगरणीत मादीवरच असतो. म्हणजे जीवशास्त्र कवितेला एका ओळीत नाकारतं आणि दुसऱ्या ओळीत तिच्याजवळ येतं. हे दोन्ही लिहिलंत तर टिपण वाचनीय होतं.

याच्या उलटा सापळा म्हणजे 'निसर्गात असंच असतं'. याचं सगळ्यात देखणं उदाहरण कालिदासाने लिहून ठेवलं आहे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही आणि दरबारात तिला कपटी ठरवतो. पुरावा काय देतो? कोकिळा. स्त्रियांना कपट शिकवावं लागत नाही. कोकिळा आपली पिल्लं उडायला लागेपर्यंत दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेते, तसंच हे. निरीक्षण खरं आहे, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते हे आपण ठाण्यातल्या झाडांवरही बघतो. अनुमान मात्र राजाच्या सोयीचं. गंमत अशी की समोर उभी असलेली मुलगी खरोखरच जन्मदात्रीने सोडलेली आणि दुसऱ्याने वाढवलेली आहे, आणि त्यात तिचा काडीचा दोष नाही. राजाच्या दाखल्यात ती बसते, पण फसवणाऱ्या कोकिळेच्या जागी नव्हे, पिलाच्या जागी.

तुमच्या टिपणात 'निसर्गतःच', 'जैविक दृष्ट्या स्त्रीला', 'प्राण्यांमध्येही' अशी सुरुवात झालेली वाक्यं शोधा आणि प्रत्येकाला हा दरबार आठवून परत वाचा.

प्राणीच पात्रं असलेल्या पुस्तकात हे जास्तच जपावं लागतं. माडगूळकरांच्याच 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळीची सत्ता बदलते. वानरांत नवा नर आल्यावर तान्ह्या पिल्लांना मारतो, हे जपानी वानर-अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ १९६० च्या दशकात नोंदवलं, आणि सेरा हर्डी यांनी पुढे अबूला त्याचा अभ्यास केला. त्यांचं स्पष्टीकरण असं: पिल्लू अंगावर पीत असेतो मादी सहसा पुन्हा माजावर येत नाही, नव्या नराची कारकीर्द थोडी, म्हणून पिल्लू गेल्याने त्याची संतती लवकर होते. हे वाचून झाल्यावर कादंबरीला दोन सोपे शेवट खुणावतात: एक, हे सगळं माणसांच्या राजकारणाचं रूपक; दोन, हा नुसता वन्यजीवनाचा अहवाल. दोन्ही टाळून बघा. हिंसा सांगताना वाक्यं लांबतात की तुटतात? निवेदक कोणाच्या जवळ उभा आहे, येणाऱ्या नराच्या की माद्यांच्या? जिथे तो निसर्गनियमापुढे थांबून हळहळतो, तिथे पान मुडपा.

८. एका मजकुराची अनेक रूपं असतील तर : वंशवृक्ष

ओव्या, आरत्या, लोककथा, पोथ्या यांवर काम करणाऱ्यांसाठी ही पायरी. बाकीच्यांनी नववीवर उडी मारली तरी चालेल, पण मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

नक्कल करताना चूक होते, चुकीची पुढे नक्कल होते. दोन प्रतींत एकच विचित्र चूक असेल तर दोघींचा पूर्वज एक. जीवशास्त्रज्ञ समान नव्या लक्षणांवरून जातींची नाती लावतात तेव्हा हेच करतात. पाठचिकित्सा, म्हणजे प्रती ताडून मूळ मजकूर शोधण्याची विद्या, हे काम जुन्या काळापासून करत आली आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत चालली, आणि विष्णु सुकथनकरांनी उत्तरेकडच्या व दक्षिणेकडच्या हस्तलिखितांच्या शाखा-उपशाखा लावल्या. अलीकडे संगणकी साधनं उलट दिशेने आली: मानववंशशास्त्रज्ञ जेमी तेहरानी यांनी २०१३ मध्ये जीवशास्त्रातल्याच पद्धतीने लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीच्या जगभरातल्या रूपांचा वृक्ष लावला.

सराव करायला घरचा मजकूर आहे, 'सुखकर्ता दुःखहर्ता'. गणपतीत आपल्या आणि नातेवाइकांच्या सोसायट्यांत आरती चालू असताना कान उघडे ठेवा. परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा, म्हणणाऱ्यांची नावं लिहू नका, गाव आणि पिढी तेवढी लिहा. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतं, 'संकटी पावावें'चं 'संकष्टी पावावे' होतं. कोणी मधलं कडवं गाळतं, कोणाची पुढची आरती ठरलेली असते.

आता सापळा. 'फळीवर वंदना' दोन घरांत सापडलं म्हणून ती घरं एका शाखेची, असं म्हणता येत नाही. फणिवर म्हणजे काय हे माहीत नसलं की कुणाचीही जीभ आपली आपण फळीवर जाते. कळव्यात गेली, घणसोलीत वेगळी गेली. जीवशास्त्रात पाखरू आणि वटवाघूळ दोघांना पंख आले म्हणून ती एका घरातली ठरत नाहीत, तसंच. सहज होणाऱ्या चुका नात्याचा पुरावा म्हणून बाद करा. ज्या चुका सुचणं कठीण, त्या धरा: कडव्यांचा उलटापालट क्रम, मध्येच घातलेली भलतीच ओळ, एखाद्या शब्दावरचा आडवा ताल. अशा दोन-तीन गोष्टी दोन घरांत एकत्र सापडल्या आणि चौकशीत दोन्ही घरं एकाच तालुक्याची निघाली, तर काहीतरी हाती आलं.

आणखी एक अडचण सांगून ठेवते. माणसं एकाच वाडवडिलांकडून आरती शिकत नाहीत. आजी, कॅसेट, शेजारची चाळ, छापील पुस्तिका, सगळीकडून उचलतात. त्यामुळे वृक्षाच्या फांद्या एकमेकींत परत शिरतात. जिवाणू शेजाऱ्याकडून जनुकं घेतात तेव्हा जीवशास्त्रज्ञांनाही हीच डोकेदुखी होते. मग सरळ झाड काढण्याचा हट्ट सोडून जाळं काढा, आणि कुठली रेघ खात्रीची, कुठली अंदाजाची, ते वेगळ्या रंगाने दाखवा.

९. लिहिणं आणि तपासून घेणं

सुरुवात खटकलेल्या प्रश्नाने करा, डार्विनच्या चरित्राने नको. संकल्पना एका परिच्छेदात संपवा. वाचक पुस्तकासाठी आला आहे. मग पुरावा, मग तिसऱ्या रकान्यातलं न बसणारं, आणि ते कसं सोडवलं किंवा का सुटलं नाही ते. पारिभाषिक संज्ञा एकदा समजावल्यावर तीच वापरा, दर पानावर नवा प्रतिशब्द शोधू नका. 'डीएनए' हा शब्द 'मूळ स्वभाव' या अर्थाने आला असेल तर खोडा. 'मराठी मनाचा डीएनए' हे वर्तमानपत्राच्या मथळ्याला ठीक आहे.

मसुदा झाला की दोघांना वाचायला द्या, एक विज्ञानाचा, एक साहित्याचा. विज्ञानवाल्याला एवढंच सांगा की संकल्पना चुकीची वापरली आहे तिथे खूण कर, भाषेत पडू नको. त्याच्या खुणा वादाशिवाय मान्य करा. साहित्यवाल्याला उलटं विचारा: यातले जीवशास्त्राचे शब्द सगळे पुसले तर पुस्तकाबद्दल काही उरतं का? त्याने उरतं म्हटलं आणि काय उरतं ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं, की टिपण पाठवायला हरकत नाही. तो 'छान आहे, वेगळं आहे' एवढंच म्हणाला, तर वही काढा आणि पाचव्या पायरीवर परत या.